निम्म्याच्या कोंबड्या

दिनांक २१ फेब्रुवारी १९८८, वार रविवार, वेळ सकाळी साडेआठ. रक्कम रुपये अकरा. दहाची एक नोट आणि रुपयाचं एक नाणं. हजर माणसं चार: मी, माझी बायको, माझी आई आणि शेजारच्या खोलीतली अक्का. पैसे अक्काने माझ्या हातावर ठेवले आणि तिच्या कोंबड्या आमच्या ताब्यात आल्या. कोंबड्या पाच, कोंबडा एक, एकूण नग सहा. हे मी त्याच दिवशी वहीत लिहिलं, म्हणून आज खात्रीने सांगता येतं. पुढच्या छप्पन्न दिवसांत जे झालं तेही वहीत आहे. पण त्यातलं मला किती समजलं, याची खात्री मला नाही.

आम्ही तेव्हा धुळ्याला होतो. एका सरकारी कचेरीत मी बिलांच्या टेबलावर बसत असे. मागे अंगण असलेल्या चाळवजा घरात आमच्या दोन खोल्या होत्या आणि भिंतीला भिंत लागून अक्काची एक. अक्का साक्रीकडची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा सुरतेला कामाला होता, तो खोलीचं भाडं पाठवी. भाडं मुलाचं, भांडीही मुलानेच घेऊन दिलेली. कोंबड्या तेवढ्या तिच्या स्वतःच्या. हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवत असे.

आम्ही रावेर तालुक्यातले, केळीवाले. आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. आई त्या हिवाळ्यात मोतीबिंदू काढायला आमच्याकडे आली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यावर हिरवं फडकं असे, आणि दुसऱ्या डोळ्याने तिला माणूस आहे की खांब एवढंच कळे. अंगणात कोंबड्या फिरत असत तेव्हा ती बाजेवर पाय वर घेऊन बसे, विटाळ नको म्हणून.

अक्काच्या मुलीचं बाळंतपण आलं. मुलीचं सासर लांब, नवापूरच्या पलीकडे, आणि तिथे कोंबड्या नेण्यासारख्या नव्हत्या. अक्का आमच्याकडे आली आणि म्हणाली की ह्या सहा निम्म्याने राखा. निम्म्याने राखणं म्हणजे काय, ते मला तोवर माहीत नव्हतं. तिने समजावलं. तिच्याकडे रीत अशी, की राखणाराला निम्मा मालक धरायचं. दाणा राखणाऱ्याचा. वाढलं तर दोघांचं, मेलं तर दोघांचं. परत आल्यावर मोजायचं आणि वाटून घ्यायचं. अंडी या हिशेबात धरत नाहीत. ती तिने गल्लीच्या टोकाच्या दुकानदाराला लावून दिली होती, तो रोज येऊन नेणार होता.

मी नाही म्हटलं. शेजाऱ्याची वस्तू चार दिवस सांभाळायची आणि त्यात मालकी घ्यायची, हे मला पटेना. शिवाय आईच्या देखत मी तीन कोंबड्यांचा मालक कसा होणार? मी अक्काला सांगितलं की तुमची ठेव आहे, सहाच्या सहा परत घ्या, मला वाटा नको. आई बाजेवरून मान हलवत होती. मला वाटलं होतं की अक्काला बरं वाटेल. तिचा चेहरा उतरला.

"फुकट ठेयेल कोंबडं जगस नही, भाऊ," ती म्हणाली.

फुकट ठेवलेलं कोंबडं जगत नाही. मी हसलो. तिने कमरेची पिशवी सोडली आणि अकरा रुपये काढले. वाटा नाही तर दाणा मालकाचा, असं तिचं म्हणणं. मी तेही नको म्हणत होतो, पण ती ऐकेना. तिची दुपारची एसटी होती. शेवटी पैसे घेतले आणि बाजरी आणली. त्या रविवारी मी स्वतःला फार सरळ माणूस समजत होतो. सहा घेतल्या, सहा द्यायच्या, मध्ये काही नाही. इतका स्वच्छ व्यवहार माझ्या टेबलावरही कधी आला नव्हता.

पहिले अठरा दिवस काही झालं नाही. बायको सकाळी बांबूचं डालगं उचली, सहा जणी बाहेर येत, संध्याकाळी पुन्हा मोजून आत. मी कचेरीतून आल्यावर परत एकदा मोजत असे. बायको म्हणे की मी मोजल्यात, तरी मोजता? त्यांना नावं नव्हती, रंग होते. एक लाल, एक राखी, एक पांढरी, एक काळी, एक ठिपक्यांची, आणि कोंबडा.

१० मार्चला गुरुवारी सकाळी मी दाढी करत होतो. आई बाजेवरून म्हणाली, "अरे, एका कोंबडीच्या गळ्यात घरघर हू राह्यली. पाह्य बरं."

मी पाहिलं. सहाही जणी दाणे टिपत होत्या. मला घरघर ऐकू आली नाही, बायकोलाही नाही. पण आईचे कान त्या दिवसांत डोळ्यांचंही काम करत होते. ती म्हणाली की मध्येच एक जण तोंड उघडून श्वास घेते, तू गप बस म्हणजे ऐकू येईल. साबण वाळेपर्यंत मी गप उभा राहिलो. मग राखीने मान लांब केली, चोच उघडली, आणि जुन्या सायकलच्या पंपासारखा आवाज आला.

संध्याकाळी घरी आलो तर राखी भिंतीला पाठ लावून बसलेली, पंख सैल, डोळे अर्धे मिटलेले. विष्ठा हिरवी, पाण्यासारखी. ठिपक्यांचीने दाणा सोडला होता. पांढरीच्या नाकाशी पाणी होतं. दुकानदार अंडी न्यायला आला होता, त्याने एक नजर टाकली आणि मानमोडीची साथ आहे असं म्हणून रिकामा डबा घेऊन परत गेला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तासाभराची सवलत मागून मी ढोरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर दौऱ्यावर होते. ड्रेसर होता, पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी सायकलवर घरी आला. तो म्हणाला की या रोगाला औषध असं नाही. लस आहे, पण लस निरोगी पक्ष्याला द्यायची. रोग आत शिरलेला असला आणि वरून लस दिली, तर पक्षी उलट लवकर मरतो.

मी विचारलं की यांच्यातल्या निरोगी कोणत्या.

"तेच मी तुम्हाला विचारतोय," तो म्हणाला. "तुम्ही रोज बघता."

मी वही काढली. कोणी किती खाल्लं, कोणाचा श्वास कसा, हे मी आदल्या रात्रीपासून लिहीत होतो, पण एका दिवसाच्या नोंदीवरून काय ठरवणार? राखी, ठिपक्यांची आणि पांढरी उघड आजारी होत्या. लाल, काळी आणि कोंबडा खात होते. खाणारे म्हणजे निरोगी, असं धरून मी बोट दाखवलं. ड्रेसरने तिघांना सुई दिली. आजारी तिघींसाठी एक पिवळी पूड दिली, पाण्यात घालायला लाल औषधाचे खडे दिले, आणि आजारी व निरोगी वेगळे ठेवा म्हणाला. फी विचारली तर हात हलवून गेला.

अंगण एकच होतं. आजारी तिघींना कुठे ठेवायचं? बायकोने मोरीशेजारचा कोपरा सुचवला. तो घराच्या आत होता. आम्ही दोघांनी आईकडे पाहिलं. आईला आमचं पाहणं दिसलं नसणार, पण आम्ही गप झालो हे ऐकू आलं असणार. ती उठली, भिंत चाचपत गेली, आपलं गाठोडं मोरीजवळच्या कोनाड्यातून काढलं आणि बाजेखाली ठेवलं.  त्या संध्याकाळी तीन कोंबड्या पोत्यावर, घरात आल्या.

तिथून पुढचे सोळा दिवस आमच्या घरात दवाखाना होता. पाजायचं कसं हा पहिला प्रश्न. चमच्याने दिलं की अर्धं नाकात जाई आणि कोंबडी गुदमरे. मग मला शाईपेनात शाई भरायचा ड्रॉपर आठवला. तो गरम पाण्यात तीनदा धुतला. बायको मांडी घालून बसे, कोंबडीला फडक्यात गुंडाळून कुशीत धरी, अंगठ्याने चोचीची कड दाबी. चोच उघडली की मी जिभेच्या बाजूने एकेक थेंब सोडत असे. गडबड केली तर थेंब श्वासात जातो, म्हणून दोन थेंबांत गिळायला वेळ द्यायचा. एका कोंबडीला वीस थेंब, सकाळी सहाला, दुपारी एकदा आणि संध्याकाळी साडेसहाला. मी कचेरीत असताना दुपारी बायको एकटीच गुडघ्यात कोंबडी धरून हे करी. तिच्या मनगटावर ओरखड्यांच्या रेघा उठल्या होत्या. एकदा आमच्या साहेबांनी माझ्या खिशाजवळचा निळसर-पिवळा डाग पाहून विचारलं की शाई कोणती वापरता. मी खरं सांगितलं नाही.

औषधं मात्र एकाची चार झाली. ड्रेसरची पूड होतीच. बायको लसूण, हळद आणि गूळ कुटून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करू लागली. गल्लीतल्या एका बाईने कडूनिंबाचा पाला उकळून द्यायला सांगितलं, तोही सुरू झाला. लाल पाणी सगळ्यांनाच. मला हे पसंत नव्हतं. मी सुचवलं की राखीला फक्त पूड द्यावी, ठिपक्यांचीला फक्त गोळी, पांढरीला फक्त पाला, म्हणजे कशाने गुण येतो ते तरी कळेल.

"ही काय बिलं आहेत, एकेक टेबलावरून फिरवायला?" बायको म्हणाली आणि राखीच्या चोचीत गोळी घातली.

तिचं चुकलं असं मला म्हणता येत नव्हतं. माझं चुकलं असंही वाटत नव्हतं. वहीत त्या दिवसाच्या रकान्यात चार औषधांपुढे तीनही कोंबड्यांवर बरोबरच्या खुणा आहेत. त्या वहीतून आजही काही सिद्ध होत नाही.

१३ मार्चला रविवारी सकाळी सव्वानऊला राखी गेली. तेव्हा ती बायकोच्या मांडीवर होती. मान एकदा मागे वळली, पाय ताणले आणि वजन एकदम बदललं, असं बायको म्हणाली. मेल्यावर वजन बदलत नाही हे मला ठाऊक आहे. मी वहीत वेळ लिहिली.

आता अक्काला काय सांगायचं? दुकानदार पुन्हा अंड्यांची चौकशी करायला आला तेव्हा त्याला विचारलं. तो म्हणाला की राखणीतलं कोंबडं मेलं तर त्याचे पाय कापून वाळवून ठेवतात. मालक आला की दाखवायचे, म्हणजे राखणाऱ्याने खाल्लं किंवा विकलं नाही असा पुरावा होतो. मी त्याला सांगितलं की आमचं घर कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे, आम्ही खाऊ असा संशय कोण घेईल. तो म्हणाला, खाणार नाही, पण विकता तर येतं ना?

मला पाय कापणं जमलं नाही. बायकोला नाही, आईला तर विचारायचंही धाडस झालं नाही. मी राखीला अंगणाच्या कोपऱ्यात हातभर खोल खड्ड्यात पुरलं, वर चुना टाकला, आणि घरात येऊन कागद लिहिला. मृत पक्ष्याचा रंग, वेळ, लक्षणं, दिलेली औषधं. खाली दोन साक्षीदार, दुकानदार आणि संध्याकाळी आलेला ड्रेसर. ड्रेसरने सही करण्याआधी कागद दोनदा वाचला. म्हैस मेली तरी लोक एवढं लिहून घेत नाहीत, असं तो म्हणाला. बायकोने विचारलं की अक्काला वाचता येत नाही, तिला या कागदाचा काय उपयोग? याचा मी विचारच केला नव्हता.

अक्काला कळवावं म्हणून पोस्टकार्डही लिहिलं. आईने ते टाकू दिलं नाही. बाळंतिणीच्या घरात मेल्याची बातमी जात नाही, मग ती कोंबडीची का असेना, असं ती म्हणाली. पण न कळवणं म्हणजे लपवणं नव्हे का? मला दोन्ही बाजू पटत होत्या. कार्ड वहीत ठेवलं. ते अजून तिथेच आहे.

मग लाल आजारी पडली. ती निरोगी म्हणून मी बोट दाखवलेल्या तिघांतली, सगळ्यांत जाडजूड, सगळ्यांच्या आधी दाण्यावर येणारी. सोमवारी सकाळी तिने पाणी पिणं सोडलं, मंगळवारी एक पंख जमिनीला टेकला. मी ड्रेसरकडे धावलो. लसीमुळे झालं का, की आधीच रोग आत होता, की दोन्ही? त्याने मला खुर्ची दिली. तो म्हणाला की तिच्या पोटात जाऊन कोणी बघितलं नाही. तुमचं बोट चुकलं असेल, नसेलही. काळी आणि कोंबडा ठीक आहेत ना? मी हो म्हटलं. मग त्यांच्याकडे बघा, म्हणाला.

लालला मी स्वतः मांडीवर घेतलं. तोवर मी फक्त ड्रॉपर धरत होतो; कोंबडी हातात घेतली नव्हती. पिसांखाली ती इतकी गरम असते हे मला माहीत नव्हतं. बुधवारी सकाळी तिने चार थेंब गिळले, पाचवा ओघळला. मी कचेरीला गेलो. एक वाजता डबा खायला न बसता सायकलने घरी आलो, तर बायको दारात उभी होती. १६ मार्च, बारा चाळीस. दुसरा कागद लिहिला. त्यावर साक्षीदार एकच मिळाला.

आता सहातल्या चार राहिल्या. वाईट गोष्ट एवढीच नव्हती. मी वाटा घेतला असता तर, अक्काच्या रीतीने, मेलेल्या दोन आम्हा दोघांच्या मिळून गेल्या असत्या. मी वाटा नाकारला होता, म्हणून त्या दोन्ही तिच्या एकटीच्या गेल्या. मी चांगुलपणा केला होता आणि त्याचा भुर्दंड तिला बसत होता. की मला बसायला हवा होता? ठेव बुडाली तर ज्याच्याकडे ठेवली त्याने भरावी, हे मला कळतं. पण ठेव आजाराने मेली तर? कचेरीत मी जुन्या नियमांची पुस्तकं चाळली. जनावरांबद्दल काही होतं, कोंबड्यांबद्दल नव्हतं.

त्या संध्याकाळी ठिपक्यांचीची मान फिरली. डोकं एका बाजूला वळून पाठीकडे गेलं. पुढे चालायला गेली की गोल गोल फिरे. बायको रडली. आई बाजेवरून उठून आली, पोत्याजवळ खाली बसली आणि हात पुढे केला. बायकोने तिच्या हातात कोंबडी दिली की तिने मागून घेतली, हे मी पाहिलं नाही. मी पाणी गाळत होतो. वळलो तेव्हा आईच्या पांढऱ्या लुगड्यावर ठिपक्यांची होती आणि आई बोटांनी तिची मान हळूहळू सरळ करत होती. सोडली की मान परत फिरे. आई परत सरळ करी.

त्यानंतरच्या दिवसांत आईनेच तिला सांभाळलं. दिसत नसल्यामुळे दाणा कुठे आहे हे आई बोटांनी शोधी, आणि मान फिरलेली असल्यामुळे कोंबडीलाही तो शोधावा लागे. दोघी एकाच वाटीत चाचपडत. एकदा मी म्हटलं की आई, विटाळाचं काय? ती म्हणाली की डोळा बरा झाला म्हणजे पाहीन.

आणि मग कळलं ते असं, की आईने नवस केला होता. गल्लीच्या टोकाला निंबाखाली मरीमायचं ठाणं होतं. आमच्या गावी मायला दहीभात दाखवतात. पण गल्लीतल्या बायकांनी आईला सांगितलं की कोंबड्यांच्या दुखण्यात माय दहीभात घेत नाही, कोंबडंच घेते. आई गल्लीतल्या एका बाईचा हात धरून तिथे गेली होती आणि बोलून आली होती की ह्या वाचव, यातली एक तुला देईन.

 ज्या बाईने कधी अंडं शिवलं नाही तिने देवीला कोंबडी बोलली होती. तीही आपली नव्हे, अक्काची. सहा परत द्यायच्या होत्या, दोन मेल्या होत्या, आणि उरलेल्या चारांतली एक आईने देऊन टाकली होती. मी विचारलं की कधी बोललीस, राखी जाण्याआधी की नंतर? सहा वाचव म्हणालीस की उरलेल्या वाचव?

"मले काय याद ऱ्हाते?" आई म्हणाली. "वाचव म्हनलं, बस."

वाचलेल्या चार. नवस सहांचा असेल तर तो फेडायचा की नाही? आई म्हणाली की वाचल्या त्या वाचल्या. पांढरी २१ तारखेला दाणे टिपू लागली. २७ मार्चला ठिपक्यांचीने वाटीतली बाजरी आईच्या मदतीशिवाय खाल्ली. मान वाकडीच होती. काळी आणि कोंबडा तर आजारी पडलेच नव्हते. लस दिलेले तीन, त्यांतली एक मेली. लस न दिलेल्या तीन, त्यांतलीही एकच मेली. मी हे वहीत एकाखाली एक लिहिलं आणि बराच वेळ पाहत बसलो. आकड्यांवरून काही निघतं असं मी मानत आलो होतो.

१७ एप्रिलला रविवारी अक्का परत आली. मुलीला मुलगा झाला होता. तिने पेढे दिले. बायकोने चहा ठेवला. मी चाळीस रुपये पाकिटात घालून खिशात ठेवले होते. गावठी कोंबडीचा तेव्हाचा भाव वीस धरला होता. अक्काने अंगणात नजर फिरवली. तिने मोजलं हे मला दिसलं.

मी सगळं सांगितलं. लस, बोट, कागद. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाच. मी वही उघडली आणि राखीपासून वाचू लागलो. सकाळी सहा, पाणी वीस थेंब, गिळले अठरा. दुपारी गोळी एक. श्वास जड. संध्याकाळी विष्ठा हिरवी, पंख सैल. असं रोजचं. लालपर्यंत आलो. सकाळी सहा, चार थेंब, पाचवा ओघळला. तिथे मला थांबावं लागलं. बायकोने पाणी दिलं. अक्का भिंतीला टेकून ऐकत होती, डोळे मिटून, पोथी ऐकावी तशी. आईही तशीच.

वाचून झाल्यावर मी पाकीट पुढे केलं. तिने हात लावला नाही.

"फुकटना राखणार इतलं लिखस नही, भाऊ," ती म्हणाली. "तू निम्मानाच मालक शे."

मी म्हटलं की अक्का, मी तर वाटा नाकारला होता. ती म्हणाली की तोंडाने नाकारला असशील. मग तिने जमिनीवर बोटाने रेघ ओढली. सहा, तीन तुझ्या, तीन माझ्या. मेल्या दोन, एक तुझ्यातली, एक माझ्यातली. राहिल्या दोन आणि दोन. कोंबडा आणि पांढरी ती नेणार, कारण कोंबडा आमच्या कामाचा नाही. काळी आणि ठिपक्यांची आमच्या.

बायकोने तेव्हा नवसाचं सांगितलं. मला वाटलं आता भांडण होणार. अक्का हसली, आल्यापासून पहिल्यांदा. आईकडे वळून म्हणाली, "पराया कोंबडावर नवस लागस का, माय? आते तुनी व्हयनी, आते फेड."

दुसऱ्याच्या कोंबडीवर केलेला नवस लागत नाही; आता तुझी झाली, आता फेड. मी वाटा घेतल्याशिवाय आईचा नवस खरा होत नव्हता. आणि नवसाच्या कोंबडीला वाकडी मान चालत नाही, म्हणून काळीच जाणार हेही ठरलं. मी त्या रेघेवर पुन्हा हिशेब केला. काही न देता मी तीन कोंबड्यांचा मालक झालो होतो, एक गमावली होती, एक देवीला जात होती, एक उरत होती, आणि कुणाचं काही देणं नव्हतं. बेरीज जुळत होती. अक्काने मला वाचवलं की आपला हक्काचा व्यवहार केला, हे मात्र तिच्या चेहऱ्यावरून कळेना. विचारायचं कसं तेही सुचेना.

मंगळवारी आईने काळीला कुंकू लावून ठाण्यावर जिवंत सोडलं. ठाणं झाडणाऱ्या म्हातारीने ती उचलून नेली. तिचं पुढे काय झालं, विचारायची रीत नव्हती. आठवड्याने आई म्हणाली की निंबाकडून काळीचा आवाज येतो, ओळखीचा आहे. मी गेलो तर तिथे तीन काळ्या कोंबड्या होत्या. मी ओळखू शकलो नाही. आईला आणावं असं मनात आलं, पण आणलं नाही.

ठिपक्यांची आमच्याकडे राहिली. जूनमध्ये माझी बदली जळगावला झाली तेव्हा ती टोपलीत बसून आमच्याबरोबर आली, आणि पुढे अडीच वर्षं तिथल्या अंगणात गोल फिरत जगली. तिच्या अंड्यांचं आम्ही काय केलं, तो वेगळा विषय आहे.

पण त्या रविवारचं एक राहिलंच. अक्का कोंबडा आणि पांढरी काखेत धरून उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली. म्हणाली, "मना दाणाना पैसा?"

मला आधी समजलंच नाही. मग लक्षात आलं. निम्म्याने राखलं म्हणजे दाणा राखणाऱ्याचा; फेब्रुवारीत तिने दिलेले पैसे आता तिचे परत. मी पाकिटातली वीसची एक नोट काढून दिली आणि असू द्या म्हटलं. तिने ती परत केली, जास्तीचं तिला नको होतं. बायकोने डब्यातून सुटे आणले. हजर माणसं तीच चार. दहाची एक नोट, रुपयाचं एक नाणं. अक्काने ते दोनदा मोजले, कमरेच्या पिशवीत टाकले आणि पिशवीची दोरी ओढली. रुपये अकरा, अक्काला, पूर्ण.